चष्म्याच्या दुकानात नोकरी: नंबरची चिठ्ठी नक्की कुणाची?

मृद्गंधा

नमस्कार मंडळी. माझं बी. ऑप्टोम. (ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासून नंबर काढायचं शिक्षण) झालंय. इंटर्नशिप एका ट्रस्टच्या नेत्र रुग्णालयात केली आणि गेल्या दिवाळीपासून सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. दुकानाचं नाव विचारू नका. मालक माणूस म्हणून चांगले आहेत. पगार वेळेवर देतात, बाजाराच्या दिवशी जेवायला घरी बोलावतात. सरळसरळ वाईट असते तर एव्हाना सोडून मोकळी झाले असते.

अडचण अशी. आमच्याकडे तपासणी फुकट असते. नंबर काढल्यावर गिऱ्हाईकाने फ्रेम घेतली नाही तर त्याला चिठ्ठी द्यायची नाही, असा दुकानाचा नियम आहे. "नंबर कॉम्प्युटरमध्ये सेव्ह आहे, चष्मा करायचा असेल तेव्हा या," एवढंच सांगायचं. मागच्या आठवड्यात एक आजोबा एसटीने आले होते. नातू पुण्यात चष्मा करून देणार होता, म्हणून त्यांना नुसता नंबर हवा होता. त्यांना तसंच परत पाठवलं. मालकांचं म्हणणं, आपण अर्धा तास घालवायचा आणि धंदा पुण्याच्या दुकानाने करायचा, हे कुठलं शहाणपण?

दुसरं, दारावर नवीन बोर्ड लागलाय: 'नेत्रतज्ज्ञ उपलब्ध'. खाली माझं नाव, आणि नावाआधी 'डॉ.'. मी नको म्हटलं तर म्हणाले, सगळेच लावतात.

तिसरं म्हणजे टार्गेट. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आधी प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर) दाखवायचा आणि शाळकरी मुलांना ब्लू कट (निळा प्रकाश अडवणारी काच). आई-बाप 'मोबाईलमुळे डोळे जातात का हो' असं विचारतच येतात, त्यामुळे ब्लू कट विकायला काहीच बोलावं लागत नाही.

चौथं लिहायला लाज वाटते. मोतीबिंदूचे पेशंट एकाच हॉस्पिटलला पाठवायचे असतात. त्यांचा माणूस महिन्याला येऊन पाकीट ठेवून जातो. त्यात माझ्या नावाचंही एक असतं. मी ते उघडलेलं नाही, टेबलाच्या खणात पडून आहे.

डॉक्टरांना मेडिकल कौन्सिल आहे, वकिलांना बार कौन्सिल. आपल्याला कुणी आहे का? माझ्यावर नक्की कोणते नियम लागू होतात आणि उद्या काही झालं तर जबाबदार कोण, मी की मालक?

---

हिशेबनीस

मी तुमच्या धंद्यातला नाही, साधा चष्मा लावणारा आहे. पण मालकाचीही बाजू बघा. अर्धा तास माणूस, मशीन, भाडं, वीज हे सगळं तो फुकट देतोय आणि तुम्ही म्हणता चिठ्ठीही द्या. तपासणीचे पैसे का घेत नाहीत? शंभर-दीडशे रुपये कुणीही देईल. फुकट म्हणून बोलवायचं आणि मग नंबर अडकवून ठेवायचा, हा फुकटपणा झालाच नाही. मला स्वतःला असा 'सेव्ह' केलेला नंबर मिळवायला दोन चकरा माराव्या लागल्यात. शेवटी वैतागून तिथेच फ्रेम घेतली. म्हणजे त्यांची युक्ती चालते, हेही खरं.

---

ट्रायलबॉक्स

ताई, आधी कायद्याचं उरकतो आणि मग दुकानाकडे येतो, कारण खरी गोम दुकानात आहे.

२०२१ पर्यंत आपल्याला देशपातळीवर कायद्याने वाली नव्हता. चार वर्षं शिकलेला, दोन वर्षांचा डिप्लोमावाला आणि मामाच्या दुकानात बसून लेन्सोमीटर (चष्म्याच्या काचेचा नंबर मोजायचं यंत्र) फिरवायला शिकलेला, सगळे एकाच बोर्डाखाली बसायचे. मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात व्यवसायांचे दहा गट आहेत आणि त्यातला पाचवा आपला, नेत्रविज्ञानाचा. ऑप्टोमेट्रिस्ट, ऑप्थॅल्मिक असिस्टंट आणि व्हिजन टेक्निशियन त्यात येतात. किमान ३६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची पदवी असेल तर तुम्ही 'हेल्थकेअर प्रोफेशनल'. म्हणजे तुम्ही आहात. राज्य परिषदेकडे रजिस्टर असतं, नीतिमत्ता व नोंदणी मंडळ असतं, आणि गैरवर्तन झालं तर नाव काढून टाकण्याचा अधिकार असतो. अंमलबजावणी इतकी रखडली की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून दिली. तुमची नोंदणी राहिली असेल तर कागद गोळा करून आधी ती करा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. रजिस्टरवर नाव तुमचं असतं. दुकानाचं तिथे काहीच नसतं. उद्या भानगड झाली की तुमचे मालक, जेवायला बोलावणारेच, म्हणणार: "मला डोळ्यातलं काय कळतंय, बाईंनी तपासलंय." आणि ते खोटंही नसेल! दुकानावर ग्राहक आयोगात दावा होईल, पण तपासणीचा जाब तुम्हालाच विचारतील. म्हणून बोर्ड आणि टार्गेटच्या आधी तुमच्या सहीचं बघा.

चिठ्ठीबद्दल सगळे धंद्याच्या अंगाने बोलतायत. मी वेगळं विचारतो. त्या आजोबांनी चष्म्यासह शेवटची कुठली ओळ वाचली? दोन्ही डोळ्यांनी ६/६, म्हणजे पूर्ण नजर? की एक डोळा ६/२४ वर, वरच्या मोठ्या अक्षरांवर, अडकला? अडकला तर पिनहोल (बारीक भोकाची चकती) लावून बघितलं का? पिनहोलने सुधारत नसेल तर तिथे चष्म्याचं काम संपलं आणि डॉक्टरांचं सुरू झालं. चिठ्ठी अडवली की नुसता नंबर अडत नाही, ही माहितीही तुमच्या कॉम्प्युटरात बंद होते. आजोबा पुण्याला जाणार, नातू जुन्या चष्म्याचा नंबर मशीनवर मोजून नवीन करून देणार, आणि त्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, काचबिंदू आहे की पडद्याला सूज आहे, ते आणखी वर्षभर कुणी बघणार नाही. सहा फ्रेमा जास्त विकल्या म्हणून हे भरून येत नाही.

माझं स्वतःचं दुकान आहे, कोल्हापुरात, वडिलांपासूनचं. तपासणीची फी वेगळी आणि काउंटरवर लिहिलेली आहे. चष्मा घ्या न घ्या, फी द्या आणि चिठ्ठी न्या. सुरुवातीला लोक म्हणायचे, समोर तर फुकट आहे. मी म्हणायचो, मग समोर जा. काही गेलेही. जे राहिले ते आता लेकी-सुनांना घेऊन येतात, आणि लग्नाआधी मुलाचा नंबर 'जरा कमी लिहा' म्हणणारेही त्यातच असतात. (तसं लिहीत नाही. त्यावरून एक सोयरीक माझ्या नावाने मोडली असं अजून ऐकवतात.)

चिठ्ठीवर दोन्ही डोळ्यांचा नंबर ॲक्सिससकट (तिरक्या नंबरचा कोन), जवळची ॲडिशन (वाचायचा वाढीव नंबर), कुठल्या डोळ्याने कुठली ओळ वाचली ते, तारीख, आणि खाली तुमचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, सही. मी पीडीही (दोन बाहुल्यांमधलं अंतर) लिहितो. आमच्यातले बरेचजण लिहीत नाहीत, म्हणजे ऑनलाइन मागवता येऊ नये. पण चुकीच्या पीडीचा चष्मा लावून डोकं धरलं की तो माणूस 'नंबर चुकलाय' म्हणत माझ्याच दारात येतो. त्यापेक्षा दोन आकडे जास्त लिहिलेले परवडतात.

प्रोग्रेसिव्हचं: काच वाईट नाही, मी स्वतः लावतो. पण माणूस दिवसभर काय करतो ते विचारल्याशिवाय ती कुणालाही देऊ नये. शिंप्याचं अंतर वेगळं, सोनाराचं वेगळं, मांडीवर पोथी घेऊन वाचणाऱ्याचं वेगळं. विहिरीच्या पायऱ्या उतरणाऱ्या सत्तरीच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा प्रोग्रेसिव्ह दिला की खालची पायरी त्याला नेमकी काचेच्या जवळच्या भागातून दिसते, म्हणजे पुसट. पडला की खुबा गेला. अशाला दूरचा एक आणि वाचायचा एक, असे दोन चष्मे द्यावेत. स्वस्त पडतात. मालकाला आवडणार नाही.

शुगरवाल्यांचं तर विचारायलाच नको. साखर साडेतीनशेला गेलेली असते आणि माणूस म्हणतो, अचानक लांबचं धूसर झालं. डोळ्यातल्या भिंगावर परिणाम होऊन नंबर सरकलेला असतो. त्या दिवशीचा नंबर काढून महागडा चष्मा विकला, मग गोळ्या सुरू झाल्या, साखर उतरली, नंबर परत सरकला आणि चष्मा खणात पडला. अशा वेळी आधी रक्त तपासून या म्हणायचं आणि साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावर नंबर काढायचा. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला जीव जड होतो, मान्य. पण पदवी त्यासाठीच घेतली ना?

बोर्ड उतरवा. 'ऑप्टोमेट्रिस्ट' लिहा, खाली पदवी लिहा. फिजिओथेरपीवाल्यांच्या 'डॉ.' वरून सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्य महासंचालनालयाने तो लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच मागे घेतलं, तो गोंधळ सगळ्यांनी पाहिला. ते त्यांचं ते बघतील. पण 'नेत्रतज्ज्ञ' वाचून आत आलेली बाई तुम्हाला ऑपरेशनवाली डॉक्टर समजते आणि त्या भरवशावर दुसरीकडे दाखवायचं टाळते. इथे नुकसान तिचं होतं.

आणि एक, बोर्डावर 'डॉ.' दिसला की हे येणारच: लायसनवाले. चाळिशीच्या पुढचे आणि ट्रान्सपोर्टवाले फॉर्म १-अ, म्हणजे लायसनचा वैद्यकीय दाखला, घेऊन येतील. पंचवीस मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखतो का, हे सगळं तपासता तुम्हाला माझ्याइतकंच येईल. पण त्यावर सही नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीचीच चालते. शिक्का मारून देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी.

---

पडदेवाला

रेटिनाचा डॉक्टर आहे, म्हणून पाकिटाबद्दल मी बोलतो. ट्रायलबॉक्स काकांनी ते सोयीस्कर टाळलंय.

पाकीट देणारा माझ्याच जमातीतला आहे. डॉक्टरांसाठीचे २००२ चे व्यावसायिक आचरणाचे नियम आजही लागू आहेत. २०२३ मध्ये नवे काढले होते, ते त्याच महिन्यात स्थगित झाले. २००२ च्या नियमांत पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देणं आणि घेणं, दोन्ही साफ निषिद्ध आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही केला होता, बातम्या गाजल्या होत्या. आमच्यात हे चालतं, उघड चालतं, आणि त्याचा खर्च मोतीबिंदूच्या बिलात पेशंटच भरतो. महागडी लेन्स गरज नसताना टाकली जाते ती यातूनच.

मृद्गंधा ताई, खणातलं पाकीट खणात ठेवू नका. आज ते त्यांचं आहे, सहा महिन्यांनी ते तुमचं समजलं जाईल. त्या माणसाला मालकांसमोर परत द्या आणि दिल्याची तारीख कुठेतरी लिहून ठेवा. रेफर करताना चिठ्ठीवर 'नेत्रतज्ज्ञांना दाखवावे' असं लिहा आणि कारण लिहा. हॉस्पिटलचं नाव पेशंटने विचारलं तर दोन-तीन सांगा, त्यात सरकारी एक असू द्या.

आता माझी तक्रार. दुकानातून आमच्याकडे लोक उशिरा येतात. अचानक काळे ठिपके तरंगायला लागले, कडेला वीज चमकल्यासारखं होतंय, बाजूने पडदा आल्यासारखं वाटतंय, यातलं काहीही ऐकलं की नंबर काढत बसायचं नाही, त्याच दिवशी पाठवायचं. पडदा सुटायला लागलेला असतो. मध्यभाग अजून चिकटलेला असेल तर नजर वाचते, तो सुटला की पहिल्यासारखी नजर क्वचितच मिळते. लहान मुलाच्या फोटोत एका बुबुळात पांढरी चमक दिसते असं आई सांगत असेल तर तेही त्याच दिवशी. डोळ्यातला कॅन्सर असू शकतो.

आणि ड्रॉप. उन्हाळ्यात पोरं डोळे चोळत येतात. दुकानदार स्टेरॉइडची बाटली सुचवतो, दोन दिवसांत आराम पडतो, मग आई तीच बाटली मेडिकलमधून वर्षभर आणते. त्यातून काचबिंदू झालेली दहा-बारा वर्षांची मुलं आम्ही बघतो. गेलेली नजर परत येत नाही. औषध लिहिणं तुमच्या अधिकारात नाही. मालक म्हणाले तरी नाही, आईने हात जोडले तरी नाही.

ता. क. : चिठ्ठीबाबत आमच्या २००२ च्या नियमांत रुग्णाने नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात. ते कलम तुम्हाला थेट लागू नाही, पण मालकाला दाखवायला बरं आहे.

---

लेस्टरकर

माहेर सोलापूर. इथे इंग्लंडमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट आहे, हाय स्ट्रीटवरच्या दुकानातच. इथलं सांगते, पण 'तिकडे सगळं छान' असं समजू नका. इथेही मॅनेजर दर सोमवारी किती तपासण्यांपैकी किती चष्मे झाले त्याचा आकडा भिंतीवर लावतो.

फरक एवढाच की भांडायला कागद हातात असतो. जनरल ऑप्टिकल कौन्सिल, म्हणजे आमचं रजिस्टर ठेवणारी संस्था, १९५८ च्या कायद्याने आली. तिची आमच्यासाठी १९ मानकं आहेत, २०१६ पासूनची, आणि १ जानेवारी २०२५ पासून सुधारलेली. रुग्णाचं ऐकणं, संमती, स्वतःच्या मर्यादेत राहणं, नोंदी नीट ठेवणं, प्रामाणिक असणं. शेवटचं, एकोणिसावं, मला सगळ्यात कठीण वाटतं: काही बिघडलं तर ते रुग्णाला आपणहून सांगणं. तीन वर्षांत ३६ गुणांचं शिक्षणही पूर्ण करावं लागतं, नाहीतर रजिस्टरवर राहता येत नाही.

चिठ्ठीचा प्रश्न इथे कायद्यानेच मिटवलाय. तपासणी संपली की लगेच नंबर रुग्णाच्या हातात द्यायचा. चष्मा तिथेच घ्या अशी अट घालता येत नाही. आणि तपासणी म्हणजे नुसता नंबर नव्हे, डोळा आतून-बाहेरून बघणंही त्यातच धरलंय.

ते किती गंभीरपणे घेतात याचं एक प्रकरण इथे प्रत्येकाला माहीत आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये एक लहान मुलगा नेहमीच्या तपासणीला आला. पडद्याच्या फोटोत डोळ्याच्या नसेला सूज होती, म्हणजे डोक्यातला दाब वाढलेला. ती खूण तपासणीत निसटली. पाच महिन्यांनी मुलगा गेला, मेंदूत पाणी साचलं होतं. २०१६ मध्ये ऑप्टोमेट्रिस्टला सदोष मनुष्यवधात दोषी धरून दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. जुलै २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली. कोर्टाचं म्हणणं, मृत्यूचा धोका तिला त्या वेळी प्रत्यक्ष माहीत असलेल्या गोष्टींवरून दिसायला हवा होता; नीट तपासलं असतं तर काय दिसलं असतं, यावरून गुन्हा ठरत नाही. फौजदारी गुन्हा गेला, पण कर्तव्यात कसूर झाली नाही असं कुणीच म्हटलं नाही. तेव्हापासून माझ्यासारख्या कित्येकजणी फोटोवरची तारीख मोठ्याने वाचतात, चुकून जुना फोटो बघितला जाऊ नये म्हणून.

ब्लू कटचं: २०१७ मध्ये इथल्या एका मोठ्या साखळीला निळ्या प्रकाशाच्या फसव्या जाहिरातीबद्दल याच कौन्सिलने ४०,००० पौंडांचा दंड केला. २०२३ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणारी संस्था) १७ चाचण्या एकत्र तपासल्या. संगणकामुळे येणारा डोळ्यांचा थकवा या काचांनी कमी होतो असं त्यात दिसलं नाही, निदान थोड्या काळासाठी तरी. आई-बापांना हे सांगा आणि पोराला रोज बाहेर उन्हात खेळायला पाठवायला सांगा. मायोपिया (लांबचं धूसर दिसणं) लांबवण्यासाठी त्याला खरा पुरावा आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

इथे २०१९ पासून नोंदणीकृत ऑप्टिकल कंपन्यांसाठीही वेगळी मानकं आहेत. विक्रीच्या दबावाने वैद्यकीय निर्णय बदलू नये, ही जबाबदारी कंपनीवर येते. भारतात याचीच उणीव आहे. ट्रायलबॉक्स काका म्हणाले ते बरोबर, रजिस्टर माणसाचं, दुकानाचं नाही.

---

मृद्गंधा

सगळ्यांचे आभार. काका, तुम्ही विचारलंत म्हणून रेकॉर्ड काढून बघितलं. आजोबांचा उजवा डोळा ६/२४, पिनहोलने सुधारत नव्हता. तपासणीच्या वेळी मी त्यांना डॉक्टरांना दाखवा असं सांगितलं होतं, पण गावाकडे तोंडी सांगितलेलं पुण्याला पोचत नाही. फॉर्मवर नातवाचा नंबर होता. त्याला फोन केला आणि चिठ्ठी लिहून फोटो पाठवला, 'उजवा डोळा: नेत्रतज्ज्ञांना दाखवावे' हे वरच लिहून. मालकांना सांगूनच केलं. ते काही बोलले नाहीत.

पाकीट परत गेलं. तो माणूस हसला आणि म्हणाला, "मॅडम नवीन आहेत."

फीवर मालक अर्धे तयार झालेत. म्हणतात शंभर रुपये ठेवू, चष्मा घेतला तर वजा करू. हे चालेल का? बोर्डावरचा 'डॉ.' पेंटर आल्यावर काढणार म्हणाले. पेंटर कधी येणार ते विचारलं तर गणपतीनंतर.

---

ट्रायलबॉक्स

वजा करायला माझी हरकत नाही. फक्त चिठ्ठी पैसे वजा व्हायच्या आधी हातात पडली पाहिजे, तपासणीच्या खुर्चीवरच. काउंटरवर पोचल्यावर दिली की तिथे परत अडते.

गणपतीपर्यंत थांबू नका. पांढऱ्या कागदाची पट्टी आणि फेविकॉल, पाच मिनिटांचं काम.

आणि चिठ्ठी म्हणून ऑटोरेफमधून निघणारी पट्टी फाडून देऊ नका. बरेच दुकानवाले तेच करतात. तो मशीनचा अंदाज असतो, तुम्ही ट्रायल फ्रेम लावून काढलेला नंबर त्यावर नसतो. वर तो थर्मल कागद. खिशात घामाने आणि उन्हाने महिनाभरात कोरा होतो. पेनाने लिहा, कार्बन खाली ठेवा, दुसरी प्रत फाइलला लावा.

---

हिशेबनीस

शंभर वजा होणार असतील तर मी पुढच्या वेळी सांगलीला येतो.